नववी पट्टी

कंपवातामुळे बाबांचे पाय उंबऱ्यापाशी खिळायचे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंच्या सांगण्यावरून मुलीने पलंगापासून उंबऱ्यापर्यंत फरशीवर आठ पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या. पट्टी दिसली की पाय उचलायचा.

आज उंबऱ्यापलीकडे नववी होती. तिचं टोक दुमडलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी गेलेली आई चिकटपट्टीच्या रिळाचं टोक असंच दुमडायची, पुढच्या वेळी नखाने शोधायला नको म्हणून.

“बाबा, ही तुम्ही लावलीत?”

“मी? मला चपला घालायला तू लागतेस!”

आणि बोलता बोलता त्यांनी उंबरा ओलांडला. मुलीचे डोळे भरून आले.

त्यांनी पुढचा पाय उचलला. पुढे पट्टीच नव्हती.

“सावकाश लाव गं,” रिकाम्या फरशीकडे बघत ते लाडाने म्हणाले, “मला कुठे घाई आहे?”

आणि त्यांच्या उचललेल्या पावलाखाली, दुमडलेल्या टोकाची दहावी पट्टी हळूहळू चिकटत गेली.