वेलींना थंडी लागू दे

धाकट्या बहिणीचं, शेवंताचं लग्न झालं, त्या वर्षी सुकदेवने गिरणा नदीच्या वाळूत नव्या जातीची खरबुजं लावली. पौषात थंडीची लाट आली. राखणीला बसलेल्या त्याच्या वडिलांनी दरवर्षीसारखी वेलींपाशी शेकोटी रचली.

"आबा, पेटवू नका. थंडी लागल्याशिवाय या वेलींची जनुकं जागी होत नाहीत. आज ऊब दिली तर उद्या गारठून मरतील."

"आणि माझी जनुकं रे?" आबा हसले.

"मग घरी चला."

"रानडुकरांना तू हाकलणार का?"

गोधडी आणतो म्हणून सुकदेव घरी गेला, जेवला आणि तिथेच झोपला.

सकाळी वेली टवटवीत होत्या. वाळूत कुठेच राख नव्हती.

उन्हाळ्यात खरबुजं गोड निघाली. सुकदेवने एक फोडही चाखली नाही.

आबा, म्हणजे तुळशीराम भोई, त्याच राखणीच्या रात्री, पौष अमावास्येच्या पहाटे थंडीने वारले होते.