शेवटची केस

मेडिकल कॉलेजच्या परीक्षेला तपासायचे पेशंट म्हणून भिकाजी टेंगले यंदाही इस्त्रीचा सदरा घालून आले. एके काळी या वॉर्डात हृदयाला भोक असलेली पंधरा-वीस माणसं परीक्षेसाठी ओळीनं झोपायची. चहा-बिस्किटं चालायची, गप्पा रंगायच्या आणि एखादं पोर घाबरून घामाघूम झालं, की पेशंटच हळूच त्याला उत्तर सांगून टाकायचा. पुढे डॉक्टर आईच्या पोटातच प्रत्येक बाळाचं काळीज तपासून तिथल्या तिथे दुरुस्त करू लागले. एकेक खाट रिकामी होत गेली. आता सगळ्या राज्यात तसं काळीज एकट्या भिकाजींचं उरलं होतं.

परीक्षेला बसलेल्या मुलीनं त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि ती दचकली. हा आवाज तिनं आजवर फक्त रेकॉर्डिंगमध्ये ऐकला होता. बऱ्याच वेळानं तिनं कानातल्या नळ्या काढल्या.

"भोक आहे, पोरी," भिकाजी जुन्या सवयीनं कुजबुजले. "बारीकसंच आहे, रक्त जोरानं घुसतं, म्हणून एवढं गाजतंय. लिहून टाक."

"ते कळलं, आजोबा. मलाही होतं, अगदी इथंच. आई म्हणते, विसाव्या आठवड्यात सापडलं आणि जन्माआधीच बुजवलं." ती घुटमळली. "माझंही असंच वाजलं असतं का हो?"

घंटा झाली. दारातून परीक्षक "वेळ संपली" म्हणाले. भिकाजींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"घाल परत कानात," ते तिला म्हणाले. "मी श्वास रोखून धरतो, म्हणजे नीट ऐकू येईल."