सात कालवडींचा वळू

“मला तो मोठा हवा,” रुफिनो म्हणाला आणि कुंपणाला टेकला.

देल्फिनाने कपाळाला हात लावला. वळू विकणाऱ्या बास्तियानच्या आवारात दोन वळू उभे होते. एक तांबडा, थोराड, रुंद खांद्यांचा. दुसरा काळा, आटोपशीर, लहान डोक्याचा, मान खाली घालून चरणारा. घरी सात कालवडी पहिल्यांदाच माजावर आलेल्या. पहिलारू कालवडीवर थोराड वळू सोडायचा नाही, हे ताकुआरेंबोच्या माळावर शेंबडं पोरही सांगेल. आणि चाळीस वर्षं खाटकाच्या बाजारासाठी गुरं वाढवलेला हा आपला नवरा म्हणतो, मोठा हवा!

“म्हाताऱ्या, डोकं ठिकाणावर आहे ना?”

“आहे की. वासरं बघ कशी दांडगी निघतील.”

“निघतील तेव्हा ना! अडकली म्हणजे?”

पाच वर्षांमागे बांडी कालवड अशीच अडली होती. दोघांनी मिळून दिवसभर वासराचे पाय दोरीने ओढले. वासरू गेलं, मागोमाग बांडीही गेली. तेव्हा निदान ओढायला दोघं होती.

या खेपेला ती एकटीच असणार होती. हे तिला माहीत होतं आणि त्याला सांगायची सोय नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरने तिला एकटीला ओसरीवर बोलावून घेतलं होतं. तिकडची रीतच तशी. वाईट बातमी घरच्यांना सांगायची, दुखणेकऱ्याला नाही. पोटात गाठ आहे, हिवाळा काही निघायचा नाही, असं डॉक्टर म्हणाला. तिने घरी येऊन रुफिनोला सांगितलं, आतड्याला जखम झालीय, रोज दूध प्यायचं. तो निमूट दूध प्यायला लागला. ती कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन रडायची आणि तोंड धुऊन आत यायची. पोरंबाळं नव्हती. कालवडी विणार हिवाळा सरल्यावर.

“का नको मोठा? एक तरी कारण सांग,” रुफिनो म्हणाला.

“खांदे बघ त्याचे. वासरू तिथंच अडेल.”

“आणखी?”

“डोकं केवढं आहे!”

“आणखी?”

“अरे, आणखी काय आणखी? डोळे फिरवतोय बघ कसा. उद्या अंगावर आला तर आवरणार कोण?”

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पण रुफिनोच्या काही ध्यानात आलेलं दिसलं नाही. तिकडे चहासारखा पितात तो काढा तो तुंब्यातून नळीने चोखत बसला होता.

दुखण्याने माणसाची अक्कलही खाल्ली, तिला वाटलं. गेल्या आठवड्यात हट्टाने एकटाच गावात दाढी करायला गेला आणि संध्याकाळी तसाच खुंट वाढलेल्या तोंडाने परत आला. न्हावी भेटला नाही म्हणे. अहो, न्हाव्याचं दुकान कधी बंद असतं का?

“बास्तियान, या काळ्याच्या आईची किती वेतं झाली?” तिने विचारलं.

“आठ. एकदाही हात लावावा लागला नाही, देल्फिनाबाई.”

“आणि याची वासरं?”

“जन्मताना तीस किलोच्या आतच.”

“आत जाऊन बघायचा तर तूच बघ,” रुफिनो कुरकुरला. “माझा गुडघा धरलाय.”

ती आत गेली. तिने काळ्याची चाल पाहिली, खूर पाहिले, वाकून वृषण नीट आहेत का ते पाहिलं. पाठीवरून हात फिरवला तसा तो तिची बाही हुंगत उभा राहिला.

“हाच घ्यायचा,” ती म्हणाली.

“बाईच्या सांगण्यावरून वळू घेतला म्हणून लोक हसतील.”

“हसू देत. दात दिसतील.”

“मी नाहीच म्हणणार. घ्यायचा तर तुझ्या जबाबदारीवर घे.”

“घेते!”

जन्मात पहिल्यांदा तिने गुरांचा सौदा स्वतःच्या हाताने केला. व्यवहार पक्का करायला बास्तियानने तिचा हात हातात घेतला, पण वर पाहिलं नाही. परतताना रुफिनो गाडीत तोंड फिरवून बसला. देल्फिना मनाशी म्हणत राहिली: मरायला टेकलेल्या माणसाने एक गोष्ट मागितली आणि आपण तीही दिली नाही.

काळ्याने महिन्याभरात सातही कालवडी गाभण केल्या. थंडी पडायच्या आतच रुफिनो गेला.

हिवाळा सरला आणि कालवडी विऊ लागल्या. देल्फिना दोरी खांद्यावर टाकून माळावर जायची आणि दोरी न सोडताच परत यायची. सातवी व्यायली त्या दिवशी बास्तियान वासरं बघायला आला. सातही आयांना लुचत होती.

“छान झालं,” तो म्हणाला.

“काय छान?” तिला रडू कोसळलं. “त्याचा जीव त्या तांबड्यावर होता हो. शेवटची इच्छा होती त्याची, आणि मी चारचौघांत भांडून मोडून काढली. वासरू दिसलं की तेच आठवतं. मनाला फार लागतंय, बास्तियान.”

बास्तियानने टोपी काढली आणि हातात फिरवत राहिला.

“दाढी करायला म्हणून गावात आला होता ना, तेव्हा तो माझ्याकडेच आला होता. दोन तास उन्हात उभा राहून हा काळा त्यानेच निवडला, देल्फिनाबाई. म्हणाला, ‘बिचारी काही सांगत नाही, नुसतं दूध पाजते. मीही पितो. पुढच्या आठवड्यात तिला घेऊन येईन आणि तांबड्यासाठी हट्ट धरीन. तू मध्ये पडू नकोस, तिला भांडून जिंकू दे. पुढचा वळू तिला एकटीनेच निवडायचाय.’”