उस्ताचा घास

नेमतबाबांनी परातीला हात लावला नाही, तेव्हा त्यांच्या पंक्तीतल्या कुणीच लावला नाही.

पुलावाची वाफ वर जात होती. नवऱ्या मुलाकडची चाळीस माणसं मांडीवर हात ठेवून बसली होती, आणि त्यांना बघून अंगणातल्या बाकीच्या पंक्तीही थांबल्या. पहाटे नमाज पढून सगळे सरळ इथेच आले होते. तीनशे माणसं, आणि आवाज फक्त चहाच्या किटल्यांचा.

"उस्ताला बोलवा," नेमतबाबा म्हणाले. ते नवऱ्या मुलाचे आजोबा. "आधी तो खाऊ दे."

मुलीचा बाप इनोमजान कढईपाशी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. लग्नाचा आचारी, होलमत उस्ता, झारा पुसत होता. मार्गिलान शहरातली निम्मी लग्नं त्याच्या कढईवर लागलेली.

"उस्ता, तुम्हाला बोलावतायत. गेल्या आठवड्यात कालव्यापलीकडच्या लग्नात जेवण बाधलं ना, तेव्हापासून म्हातारा धास्तावलाय. त्यात कुणीतरी कानात घातलंय, की होलमत उस्ता स्वतःच्या हातचा पुलाव कधी तोंडात घालत नाही." इनोमजान थांबला. "काहीतरीच बोलतात लोक. हो ना?"

"हात धुऊन येतो," होलमत म्हणाला.

कढईच्या पलीकडे त्याचा मेव्हणा सोबीर गाजरांची सालं गोळा करत होता. सात वर्षं मसाला सोबीरच चाखत आला होता, आणि त्याचा चेहरा बघून होलमत मीठ टाकत आला होता.

"दाजी, सांगून टाका ना आता," सोबीर हलक्या आवाजात म्हणाला. "आजार आहे, पोटाला चालत नाही म्हणावं."

"कसला आजार, विचारतील."

"रक्ताचा आहे म्हणा. खरं तेच."

"मग उद्यापासून माझ्या हातचं खाईल कोण?"

सोबीरने हातातली सालं पुन्हा खाली ठेवली.

होलमत नळाखाली हात धूत राहिला. रोज सकाळी एक पिवळी गोळी. तिच्यामुळे रक्त ताळ्यावर होतं. दर तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणायच्या, छान आहे, चालू ठेवा. किती दिवस, हे विचारणं त्याने दुसऱ्याच वर्षी सोडलं. ही गोळी रक्त धरून ठेवते आणि पोट सोडून देते, असं त्याची बायको म्हणायची. आधी दूध गेलं. मग चरबी, मग कांदा. खरबूज गेलं तेव्हा तो पडवीत बसून रडला होता. त्यानंतर काही बंद झालं की तो फक्त बायकोला सांगायचा, ती मान हलवायची, आणि ते घरात यायचं थांबायचं. आज निघताना त्याने पाण्यात शिजवलेला भात खाल्ला होता. कालही तोच खाल्ला होता.

तो नेमतबाबांसमोर गुडघे मोडून बसला.

"रागावू नकोस उस्ता," म्हातारा म्हणाला. "एवढी माणसं मी घेऊन आलोय. धडधाकट परत न्यायला नकोत?"

"बरोबर आहे, बाबा."

होलमतने परातीच्या कडेचा कोरडा भात बघून हात पुढे केला. नेमतबाबांनी तो मध्येच अडवला.

"तू नको. माझ्या हातून घे."

त्यांनी वरचा, दुंब्या मेंढ्याच्या शेपटीच्या चरबीचा सगळ्यात मोठा तुकडा उचलला, भातात गुंडाळला, तीन बोटांनी दाबून घास केला. वडीलधाऱ्याने भरवलेला घास मोठा मान असतो, आणि तो नाकारता येत नाही. तेल त्यांच्या मनगटापर्यंत ओघळत होतं. होलमतने तोंड उघडलं.

पुढचं सगळं त्याला ठाऊक होतं. पाव तास, फार तर अर्धा. मग तीन दिवस अंथरूण. भीती मात्र वाटली नाही. चरबी जिभेवर विरघळली. हिला पूर्वी एक चव असायची, एवढं त्याला आठवलं. त्याने गिळलं. म्हाताऱ्याने दुसरा घास केला, मग तिसरा.

"कसा झालाय?"

होलमतने सवयीने सोबीरकडे पाहिलं. सोबीरने लांबूनच मान डोलावली.

"चांगला झालाय," होलमत म्हणाला.

तेव्हा नेमतबाबांनी स्वतः घास घेतला. चाळीस हात परातींत गेले, मग बाकीचे. इनोमजान मटकन खाली बसला. कुणीतरी त्याच्या हातात चहा दिला.

म्हातारा डोळे मिटून खात होता. "एवढा सुरेख पुलाव," तो म्हणाला, "आणि तू कडू काढा घेतल्यासारखा गिळलास की रे." पंक्ती हसली. होलमतही हसला.

"पानगळीत धाकट्या नातवाचं लग्न काढलंय. कढई तुझीच. आणि तेव्हाही असंच माझ्या परातीला बसायचं."

"बसेन, बाबा."

पोटात पहिली कळ आली तेव्हा तो अदबीने छातीवर हात ठेवून, वाकून उठला. संडास अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होता, मध्ये सगळ्या पंक्ती. तो जाऊ लागला तशी माणसं खाता खाता वर बघायला लागली. जो तो तेच म्हणत होता, "उस्ता, तुमच्या हातांना कधी दुखणं न येवो."

होलमत प्रत्येकापाशी थांबला, प्रत्येकाला मान लववली, आणि सावकाश पुढे गेला.