सांडलेली पेटी

या, जवळ सरका, जस्ताच्या खाणीवरची एक गोष्ट सांगतो. जस्त अजून कुठवर गेलंय ते शोधायला तिथं ड्रिल चालू होतं. जमिनीतून दगडाच्या लांब कांड्या निघत. निघतील त्याच क्रमानं त्या पेटीत मांडायचं काम सरूबाईला नुकतंच मिळालेलं. ती ठेचकाळली नि भरली पेटी सांडली.

क्रम मोडला, कुठली कांडी किती खोलातली ते कळेना, आता काम जाणार, म्हणून तिला रडू फुटलं. तापट ड्रिलवाले डोमाजी आले नि तिच्यासमोर मांडी घालून बसले. "घरी भात सांडला तरी अशाच रडता का, बाई? कांडीचं तुटलेलं तोंड आपल्या जोडीदारालाच बसतं. जुळवू."

देवाचं नाव घेत दोघांनी कांडीला कांडी जुळवली. तेवढ्यात साहेब आले.

"पेटी माझ्या धक्क्यानं पडली, साहेब," डोमाजी म्हणाले. "बाईंनी सगळी लावली."

जस्ती बादली हाती घ्याल, तेव्हा डोमाजींना आठवा.