पवनेचे पोहणारे

डावीकडं लाटा फुटत होत्या, उजवीकडं फुटत होत्या. मधे मात्र बैलगाडीच्या वाटेएवढा एक पट्टा काळा, संथ, गप पडला होता. हिंदुरावानं धाकट्या भावाला बोटानं दाखवलं. "आबा, तिथनं उतर."

काळेवाडीचा माणूस दुसरं काय सांगणार? पवनेत जिथं फेस तिथं खाली खडक. जिथं पाणी गप तिथं डोह. फेसात डोकं फुटतं, डोहात शेंबडी पोरंसुद्धा सूर मारतात. समुद्र त्यानं आज पहिल्यांदा पाहिला होता. पण पाणी ते पाणीच की!

कंपनीच्या ट्रकनं घाट उतरून कामगारांची सहल इथं आणून टाकली होती. आसपास ना घर, ना होडी. वारा असा, की बोललेला शब्द तोंडातच परत जायचा. साहेबाला फोटो हवा होता. "ज्यांच्या जमिनीवर कंपनी उभी राहिली ते किती मजेत आहेत, दिसू दे मोठ्या साहेबांना! कोण पोहणारा आहे तुमच्यात?" साहेबानं स्वतःचे बूटसुद्धा ओले केले नव्हते.

आबाजी अजून बदलीवरच राबत होता. हिंदुरावानं त्याला कोपर मारलं. "जा की. तोंड ध्यानात राहील त्याच्या. कायम व्हायचंय ना तुला?"

शिंपल्या वेचणारी एक म्हातारी टोपली टाकून पुढं आली. "त्या वाटंनं नको रं बाबा. तिथं आमी पाय घालीत नाय."

"आजे, पवनेच्या पुरातनं म्हशी वढून काढल्यात आमी!" आबाजी हसला. "सांग तुझ्या समुद्राला, काळेवाडीचं पावणं आल्यात."

"त्याला सांगायला लागत नाय," म्हातारी म्हणाली.

आबाजी उतरला. गुडघा, मांडी, कंबर. पाणी खरंच गप होतं. कॅमेऱ्याला डोळा लावून साहेब ओरडला, "अजून मागं! अजून! समुद्र येऊ दे फोटोत!"

आबाजी मागं सरला. मग त्याला सरावं लागलं नाही. हसतं तोंड तसंच राहिलं आणि लहान लहान होत गेलं.

"बास झालं, ये आता!" हिंदुराव ओरडला. आबाजी हात मारतच होता, किनाऱ्याकडंच, जिवाच्या आकांतानं. तरी लांब चालला होता.

हिंदुरावानं डोक्याचा पटका सोडला आणि वाळूवरनं पळत सुटला, काठाकाठानं. पुरात वाहणारा माणूस असाच गाठायचा. पुढं जाऊन, वळणावर पटका फेकून. तो पळाला, पळाला. वळण येईना. मागं बघतो तर आबाजी बाजूला सरलाच नव्हता. सरळ आत चालला होता. ट्रकपाशी माणसं कालवा करत होती. साहेब कॅमेऱ्याला टोपण लावत होता.

हिंदुराव होता तिथनंच पाण्यात घुसला. लाटेनं त्याला उचलला आणि वाळूवर आपटला. पुन्हा घुसला, पुन्हा आपटला. तोंडातली वाळू थुंकत तो उभा राहिला. पुरात सापडलेल्याला बाप-आजा काठावरनं जे ओरडून सांगत आले, तेच त्याच्या नरड्यातनं निघालं.

"आबाऽ, माघारी फिरू नगं! पल्याडच्या काठाला लाग! पल्याडच्या काठाला..."

आणि त्यानं पल्याड पाहिलं.