शेवटच्या रांगेपर्यंत

निर्माता आज न कळवता तालमीला आला आणि थेट सरांच्या डाव्या बाजूला बसला. सरांनी हातातली संहिता उगाचच उलटीसुलटी केली.

उजवीकडे नेहमीप्रमाणे बायको होती. तिचा हात त्यांच्या मनगटावर होता. एकदा दाबला की कुणीतरी हाक मारतंय, दोनदा दाबला की तुम्ही फार मोठ्यानं बोलताय. आधी सरांचा डावा कान गेला, मग उजवा. आता ते ठार बहिरे होते, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे हे जगात दोघांनाच ठाऊक होतं.

घरात पुरस्कार ठेवायला जागा उरली नव्हती. पण दिग्दर्शक बहिरा आहे म्हटल्यावर त्याला दारात कोण उभं करणार?

"अहो, सांगून टाका ना एकदा," बायको म्हणायची.

"मी मेल्यावर सांग," सर म्हणायचे.

तसा प्रसंग जवळजवळ आलाच होता. गेल्या आठवड्यात स्टेजवर वरचा दिवा सुटला. अख्खी मंडळी जिवाच्या आकांतानं ओरडली, सर जागचे हलले नाहीत. दिवा त्यांच्या पावलाशी फुटला. "नाटकवाल्यानं दिव्याला काय घाबरायचं!" असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. सगळे हसले. बायकोनं मात्र घरी जाईपर्यंत त्यांचा हात सोडला नाही.

निर्मात्यानं तेव्हापासून सरांवर डोळा ठेवला होता. आज तो परीक्षाच घ्यायला आलाय, हे सांगायला ज्योतिषी नको होता. नापास झाले तर हे नाटक सहायकाच्या हाती जाणार, आणि पुन्हा कुणी बोलावणार नाही.

"पहिला अंक. करा सुरू," सर म्हणाले.

नाटक त्यांनीच लिहिलेलं होतं. प्रत्येक वाक्य तोंडपाठ, त्यामुळे ओठ वाचणं सोपं. नायिका बापाला घर सोडून जात असल्याचं सांगत होती. मधेच सरांनी हात वर केला.

"थांब. 'तरीही' खाल्लंस तू. तो शब्द गेला तर वाक्यात काय उरलं?"

नायिकेनं मान खाली घालून वाक्य पुन्हा घेतलं. सरांनी निर्मात्याकडे तिरक्या नजरेनं पाहिलं. घे म्हणावं, अजून घे परीक्षा!

नोकराचा विनोदी प्रवेश आला. सर ठरलेल्या जागी खळखळून हसले. निर्माता हसला नाही. हा माणूस स्वतःच्या लग्नातही हसला नसेल, सरांच्या मनात आलं. पण घाम काही थांबेना. शेजारचा फोन वाजला तर? मागून कुणी काही विचारलं तर? बायकोचा हात गार पडला होता, पण एकदाही दाबला गेला नाही. म्हणजे सगळं ठीक होतं.

अंक संपला. सर उठले. इतकी स्वच्छ तालीम कित्येक दिवसांत झाली नव्हती. एकेकाचे ओठ कसे सुटे, ठसठशीत हलत होते. त्यांना खरोखर भरून आलं.

"पोरी," ते नायिकेला म्हणाले, "मी सहसा कौतुक करत नाही. पण आज तुझा आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचला."

नायिकेनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडू लागली. साहजिकच होतं, या शब्दांची तिनं किती वर्षं वाट पाहिली होती!

सर विजयी मुद्रेनं निर्मात्याकडे वळले. "काय, झाली खात्री?"

निर्मात्यानं त्यांच्या बायकोकडे पाहिलं. बायको उठली, त्यांच्या पुढ्यात उजेडात येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. तिनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्यांना वाचता येईल इतकं सावकाश म्हणाली, "दिवा फुटला त्यानंतर मीच सांगितलं होतं सगळ्यांना. अख्ख्या अंकात कुणी आवाजच काढला नाही हो, नुसते ओठ हलवले."